रंकाळ्याचा दुसरा कोस

"माणसाला वेठीला धरणारी कोणतीही सत्ता, मग ती रोमची असो की आणखी कुठली, एका वाक्यानं गारद करता येते, आणि ते वाक्य दोन हजार वर्षांपूर्वी एका डोंगरावर बोलून झालेलं आहे!"

हे उद्गार शांतवन सरांनी सोमवारी सकाळी सव्वासहा वाजता रंकाळ्याच्या काठावर काढले. त्या वेळी त्यांच्या खांद्यावर विजयसिंहांची बॅग होती, हातात विजयसिंहांची तांब्याची बाटली होती आणि गळ्यात विजयसिंहांचा टॉवेल होता.

"व्हय व्हय," विजयसिंह म्हणाले. "बाटली द्या जरा."

सरांनी बाटली दिली. टोपणही उघडून दिलं.

शांतवन सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. वय अडुसष्ट, मुलगी पुण्याला, घरी एकटेच. रंकाळ्याजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये ते दुसऱ्या मजल्यावर राहत आणि पहिल्या मजल्यावर विजयसिंह. विजयसिंह तरुणपणी तालमीत घुमलेले. आता साठी उलटलेली आणि छातीत दोन स्टेंट बसलेले. डॉक्टरांनी त्यांना तीन गोष्टी बजावल्या होत्या. रोज चालायचं, एकट्यानं चालायचं नाही, आणि वजन उचलायचं नाही. त्या संध्याकाळी विजयसिंहांच्या थोरल्या भगिनी, ज्यांना अख्खी इमारत आक्का म्हणायची, जिन्यात उभ्या राहिल्या आणि सकाळी मोकळं कोण असतं याचा त्यांनी आढावा घेतला. वरचे सर दिवसभर वाचत नाहीतर लिहीत बसतात, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे मोकळेच की.

दुसऱ्या दिवसापासून सरांच्या खांद्यावर बॅग आली. बॅगेत जिभेखाली धरायची गोळी होती, तिच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. पण गोळीच्या सोबतीला भिजवलेल्या बदामांचा डबा, बूट चावले तर घालायला कोल्हापुरी चप्पल, गुडघ्याचे दोन पट्टे आणि एकेक किलोचे दोन डंबेल होते. हे डंबेल विजयसिंह तळ्याकाठच्या संध्यामठाजवळ आल्यावर नुसते बघत. वजन उचलायला बंदी होती, पण बघायला नव्हती.

सरांना नाही म्हणता येत नसे. ही त्यांची जुनी खोड होती, शाळेतही पाचव्या तासाला सगळ्यांचे वर्ग त्यांच्याच गळ्यात पडत. यात दुर्दैव असं, की सर गेली नऊ वर्षं ज्या विषयावर पुस्तक लिहीत होते तो विषय नेमका वेठीचा होता.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, एक वचन आहे. कुणी तुला वेठीला धरून एक कोस चालवलं, तर तू त्याच्यासोबत दोन कोस जा, असा त्याचा अर्थ. या एका वचनावर सरांचं पुस्तक. पहिलं प्रकरण रस्त्यांचं. त्या मुलखात रोमन शिपाई वाटेवरच्या कुठल्याही माणसाला थांबवून आपलं ओझं त्याच्या पाठीवर देऊ शकायचा. दुसरं प्रकरण शब्दाचं. वेठीला धरण्यासाठी तिथं वापरलेला ग्रीक शब्द मुळात इराणातून आलेला. तिथल्या राजाचे जासूद वाटेत दिसेल तो घोडा आणि दिसेल तो माणूस कामाला जुंपत, त्यावरून पडलेला. पुढं वधस्तंभ वाहायला वाटेवरच्या सिमोनाला धरलं, तिथंही तोच शब्द आहे. आणि जुन्या मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी 'वेठ' हा शब्द घेतला तेव्हा त्यांना तळटीप द्यावी लागली नाही, कारण वाचणाऱ्यांच्या पाठीला तो आधीपासून माहीत होता.

मैलाचं मात्र त्यांनी कोस करून टाकलं. रोमन मैल म्हणजे दीड किलोमीटरला थोडा कमी आणि आपला कोस त्याच्या दुप्पट, काही गावांत तर त्याहून लांब. म्हणजे मूळ ऐकणाऱ्यांना दोन मैलांत जे पुण्य लागणार होतं, त्यासाठी मराठी माणूस गेली दोनशे वर्षं चार मैल चालत होता. याबद्दल सरांना भाषांतरकारांचा थोडा राग होता आणि मराठी माणसाचा थोडा अभिमान होता.

अडलं होतं ते तिसऱ्या प्रकरणात. काही अभ्यासक म्हणत, की शिपायाला एकच मैल नेण्याची मुभा होती, तीही रस्त्याकडेच्या दगडांवर मोजून. त्यामुळं माणूस आपणहून दुसरा मैल चालू लागला की शिपायाचीच पंचाईत व्हायची. वरिष्ठांनी बघितलं तर शिक्षा त्याला. दुसरे अभ्यासक म्हणत, असा कायदा होता याला पुरावा काय? सर एका बाजूचं पुस्तक वाचत तेव्हा त्यांना ते पटे, दुसऱ्या बाजूचं वाचत तेव्हा तेही पटे. अशी नऊ वर्षं गेली.

आणि या सोमवारी तात्यासाहेबांचा फोन आला होता.

तात्यासाहेब मूळचे जयसिंगपूरचे बियाणांचे व्यापारी. धंदा मुलांवर सोपवून कोल्हापुरात आले आणि पेठेतल्या एका वाचनालयाचे चिटणीस झाले. वाचनालयात महिन्याला एक व्याख्यान होई. "सर, या रविवारी 'मधुमेह आणि आपण' होतं," तात्यासाहेब म्हणाले, "पण वक्त्यांची साखर वाढली. तुमच्या त्या वचनाचं काय तयार आहे का? सकाळी दहाला. पाऊण तास. चहा आमच्याकडे."

नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. सरांनी हो म्हटलं आणि मग वही उघडून बघितली. तिसरं प्रकरण अपुरं होतं. हातात सहा सकाळी. सरांचं डोकं सकाळी साडेपाच ते आठ एवढंच चाले. दुपारी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं, की कुणी तिऱ्हाइतानं रागाच्या भरात लिहिल्यासारखं वाटे. म्हणजे व्याख्यान द्यायचं तर सकाळ हवी, आणि सकाळ विजयसिंहांच्या बॅगेत होती.

त्यांनी जिन्यात प्रयत्न करून बघितला. "विजयसिंहराव, उद्यापासून मला जरा जमेल असं..."

"जमतंय ओ," विजयसिंह म्हणाले. "सुरुवातीला पाय दुखत्यात. मला पण तसंच झालतं."

त्या रात्री जेवताना सरांच्या हातातला घास तसाच राहिला. उपाय तर आपल्याच पुस्तकात आहे! शिपाई कोण ते ठरलेलं होतं. ओझं ठरलेलं होतं. रंकाळ्याची एक फेरी चार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कोसभर धरायला हरकत नव्हती. आता आपण फक्त दुसरा कोस चालायचा. शिपाई शरमेल, गोंधळेल आणि परवापासून आपल्याला सोडून देईल. शिवाय तिसऱ्या प्रकरणाला पुरावाही मिळेल.

मंगळवारी एक फेरी संपली. विजयसिंह नेहमीच्या बाकावर टेकणार इतक्यात सर म्हणाले, "आणखी एक फेरी मारू या."

"का?"

"बॅग मीच धरतो. मला आनंद होईल."

विजयसिंहांनी सरांकडं खालून वर बघितलं. कोल्हापुरात माणूस विनाकारण आनंद होईल म्हणाला, तर त्याचा अर्थ एकच असतो. "सोसायटीच्या चेअरमनला उभं ऱ्हाताय व्हय सर?"

"छे, छे."

"मग पार्किंगचं काय हाय का?"

"माझ्याकडं गाडीच नाही."

"त्येच म्हंतो मी."

दुसरी फेरी सुरू झाली. अर्ध्यावर विजयसिंहांचं बोलणं थांबलं. सरांच्या पायात गोळे आले होते, पण मन पिसासारखं हलकं झालं होतं. शिपाई गप्प झाला! त्यांनी मनातल्या मनात तिसऱ्या प्रकरणाचा शेवटचा परिच्छेदही जुळवायला घेतला. फेरी पुरी झाली तेव्हा विजयसिंह रस्त्यातच उभे राहिले आणि त्यांनी सरांच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. चेहरा लालबुंद.

"सर, एक फेरी तुमी माझ्यासाठी मारली. दुसरी तुमच्या खुशीनं मारली. म्हंजे आता आमी तुमच्या उपकारात ऱ्हायचं व्हय?"

"तसं नव्हे..."

"आमच्या घरात असलं चालत न्हाय. चला. तिसरी आमच्याकडनं."

आणि तिसरी फेरी झाली. त्या फेरीत बॅग विजयसिंहांकडं होती आणि शेवटी शेवटी सरांचा एक हातही. नंतर मिसळ झाली, कारण तीन फेऱ्या मारून माणसाला उपाशी घरी पाठवणं रीतीत बसत नव्हतं. सर घरी आले तेव्हा साडेदहा वाजले होते. त्यांनी वही उघडली आणि लिहिलं : 'रोमन शिपायांमध्ये पाहुणचाराची प्रथा होती किंवा कसे, हे तपासणे.' मग ते वहीवरच झोपले.

बुधवारी बाकाजवळ तीन दांडगी माणसं उभी होती. "पावणं, दोन फेऱ्यावालं सर तुमीच व्हय?" विजयसिंहांनी फेऱ्यांची हकिकत, सरांनी मिसळ खाताना सांगितलेल्या शिपायाच्या वचनासकट, तालमीत सांगितली होती, आणि तालमीत सांगितलेली गोष्ट दूध काढायच्या वेळेपर्यंत गावभर होते. गुरुवारी प्रकार हाताबाहेर गेला. भाजी विकायला चाललेल्या धोंडुबाई नावाच्या एका बाईंची पाटी दोघांनी उतरवून घेतली आणि ती बाजारात पोचवायची सोडून बाजाराच्या पलीकडं तेवढ्याच अंतरावर नेऊन ठेवली. बाई मागून शिव्या देत धावत होत्या. देवळाच्या महाद्वाराची वाट विचारणाऱ्या पुण्याच्या एका कुटुंबाला मोटरसायकलीवर पुढं होऊन वाट दाखवण्यात आली आणि ते कुटुंब बिद्रीच्या साखर कारखान्यासमोर सापडलं. "एवढं लांब का आणलं?" असं विचारल्यावर त्यांना सांगण्यात आलं, की शास्त्र आहे.

गुरुवारी संध्याकाळी फ्लेक्स लागला. 'दोन कोस मित्र मंडळ, रंकाळा.' मधोमध सरांचा फोटो. तो पाठमोरा होता, कारण बॅगेखाली वाकलेले सर समोरून ओळखू येत नव्हते. शेजारी रोमन शिपाई हवा होता. तो न मिळाल्यामुळं फ्लेक्सवाल्यानं कुठल्याशा सेनापतीचं चित्र घेऊन त्याला गॉगल लावला होता. खाली शुभेच्छुकांचे अठ्ठावीस चेहरे. त्यांतले पाच जण आपण कशाचे शुभेच्छुक आहोत हे विचारायला सरांच्या घरी आले आणि चहा घेऊन गेले.

रोज तीन-तीन फेऱ्यांत तीन सकाळी गेल्या होत्या. तिसरं प्रकरण होतं तिथंच होतं, फक्त वहीच्या पानावर गालाचा ठसा उमटला होता.

शुक्रवारी पहाटे, सर बूट घालत असतानाच, दार वाजलं. दारात आक्का. नऊवारी, हातात विजयसिंहांचं घड्याळ. पावलं मोजणारं घड्याळ भाच्यानं आणून दिलं होतं आणि विजयसिंहांना त्यातली फक्त वेळ बघता येई; बाकीचं सगळं आक्का बघत.

"सर, हे बारा किलोमीटर कुणाचं?"

सर बूट हातात घेऊन उभे राहिले.

"काल बी बारा. परवा बी बारा. काल इज्याला डॉक्टरकडं नेलतं. डॉक्टर माझ्यावर वरडला. चार किलोमीटरच्या वर एक पाऊल टाकायचं न्हाय म्हणून त्यानं पहिल्याच दिशी कागदावर लिवून दिलतं. तुमाला म्हायती न्हाय?"

"नाही... मला हे कुणीच..." सर बोलता बोलता थांबले. त्यांच्या डोळ्यांसमोर रस्त्याकडेचा दगड उभा राहिला. मर्यादा होती! ती लेखी होती! आणि ती ओलांडली तर शिपायाला जाब विचारणारा वरिष्ठ अधिकारी होता, आणि तो या घडीला त्यांच्या दारात नऊवारी नेसून उभा होता. अभ्यासकांची पहिली बाजू खरी ठरत होती. सरांना आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि लगेच दुसरी गोष्ट सुचली, की त्या छातीत दोन स्टेंट आहेत. त्यांनी बूट खाली ठेवले.

"आक्का, त्यांना काही झालं नाही ना?"

"झालं न्हाय. झालं असतं तर मी बोलत उभी ऱ्हायलो असतो व्हय?"

मग सरांनी सगळं सांगितलं. रविवारचं व्याख्यान, अडलेलं प्रकरण, साडेपाच ते आठ, रोमन शिपाई, दुसरा कोस. "मला फक्त माझी सकाळ परत हवी होती," ते शेवटी म्हणाले.

आक्कांनी घड्याळ पदरात गुंडाळलं.

"मग न्हाय जमत म्हणून सांगायचं न्हाय व्हय?"

नऊ वर्षं वाचलेल्या पुस्तकांपैकी एकाही पुस्तकात हा पर्याय कुणी विचारात घेतला नव्हता.

शुक्रवारी आणि शनिवारी एकच फेरी झाली. आक्का बाकावर घड्याळ घेऊन बसल्या होत्या आणि मंडळाचे लोक त्यांच्या बाजूला फिरकले नाहीत. पण सरांना सकाळ काही मिळाली नाही, कारण फेरी होतीच आणि नाही म्हणणं अजून व्हायचं होतं. त्यांनी जिन्यात दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा विजयसिंहांनी त्यात बदाम दिला.

रविवारी सर अडीच प्रकरणं घेऊन वाचनालयात गेले. व्याख्यानाला एरवी अकरा माणसं येत. त्या दिवशी बाहेर चपलांचा ढीग होता. अख्खं मंडळ आलं होतं, तालमीतली माणसं एका खुर्चीवर दीड दीड बसली होती. पहिल्या रांगेत विजयसिंह आणि आक्का. सरांना फेटा बांधण्यात आला. तात्यासाहेबांनी प्रास्ताविकात वीस मिनिटं सोयाबीनच्या उगवणशक्तीबद्दल सांगितलं आणि "असो, तर सर" म्हणून माईक दिला.

सरांनी रस्ते सांगितले. इराणचे जासूद सांगितले. मैल आणि कोस सांगितला तेव्हा मागून कुणीतरी "म्हंजे आमाला फशीवलं की" म्हणालं. मग सरांनी कागद खाली ठेवले, कारण पुढचे कोरेच होते.

"माझ्या आजोबांना," ते म्हणाले, "संस्थानाच्या काळात गगनबावड्याच्या घाटात वेठीला धरलं होतं. एका साहेबाचं सामान वर न्यायचं होतं. कुणाला पेटी आली, कुणाला तंबू. आजोबांच्या वाट्याला साहेबाचा अंघोळीचा पत्र्याचा टब आला. पावसाळ्याचे दिवस. टब डोक्यावर पालथा घेतला तर समोरची वाट दिसेना, आणि उताणा घेतला तर त्यात पाऊस साठे. तिथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. आजोबांनी उताणा घेतला आणि दर वळणाला ओतत ओतत घाट चढले. पुढं ते ख्रिस्ती झाले. पाद्रीसाहेबांनी त्यांना हे वचन वाचून दाखवलं, की एक कोस नेलं तर दोन कोस जा. आजोबांनी विचार केला आणि एकच प्रश्न विचारला, टब रिकामा की भरलेला?"

हसू फुटलं आणि हळूहळू थांबलं.

"पाद्रीसाहेबांना सांगता आलं नाही. मलाही नऊ वर्षं येत नव्हतं. या आठवड्यात मी स्वतः दुसरा कोस चालून बघितला, पण समोरच्यासाठी नव्हे. मला सुटका हवी होती. मनात हिशेब ठेवून चाललेला दुसरा कोस म्हणजे पहिलाच, फक्त लांब. माझा टब भरलेला होता. एवढंच मला कळलंय. तिसरं प्रकरण झालेलं नाही."

ते खाली बसले. टाळ्या वाजवायच्या का नाही ते कुणाला कळेना. तेवढ्यात पहिल्या रांगेत विजयसिंह उभे राहिले.

"सर, एक इचारू? त्यो शिपाई म्हंजे मी व्हय?"

तात्यासाहेबांनी घाईनं "आता आभार..." म्हणायला सुरुवात केली, पण आक्कांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि ते बसले. सरांनी फेटा सारखा केला. अडुसष्ट वर्षांत जे जमलं नव्हतं ते आता तोंडून निघालं.

"होय," सर म्हणाले. "आणि मला उद्यापासून सकाळी यायला जमणार नाही. मला लिहायचं आहे."

विजयसिंहांचे डोळे भरून आले. त्यांनी वळून सभेकडं बघितलं. "ऐकलं का रं? वरच्या मजल्यावर एवढा मोठा माणूस ऱ्हातोय, आणि मी त्यांच्या खांद्यावर डंबेल दिलं. आज हितं सगळ्यांसमोर सांगतो. उद्यापास्नं सर मोकळं! माझ्यासंगं आक्का चालंल. बॅगेत फकस्त गोळी. मंडळ आजपास्नं बंद, फ्लेक्स मी सोता उतरवतो. सरांच्या सकाळीला जो हात लावंल त्याची गाठ माझ्याशी!"

टाळ्यांनी छत हाललं. तालमीतल्या एकानं शिट्टी मारली. सरांना समोरचं काही दिसेना. दिसत होतं ते उद्याचं साडेपाचचं टेबल, दिव्याचा पिवळा उजेड, कोरं पान, आणि त्यावर कुणाचीही हाक न येता सरळ पुढं निघालेलं तिसरं प्रकरण. ते खाली उतरले. विजयसिंहांनी त्यांना कवेत घेतलं, पाठीवर थोपटलं, आणि मग कानाशी तोंड नेऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले,

"सर, तेवढं रोज पहाटे साडेपाचला फोन करून मला उठवा की. जरा जास्त वेळ वाजू द्या, मला लवकर ऐकू येत न्हाय."